बाकी ठेवलेलं पाणी

फोन वैशालीच्या मोबाइलवर आला. वैशाली म्हणजे माझी सून. मी वावरातल्या विहिरीच्या कठड्यावर बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होतो. ती घरून चालत आली, माझ्या बाजूला बसली आणि टोपल्यातली शेंग उचलून सोलायला लागली. मला वाटलं, हाताला हात लावायला आली. चार शेंगा झाल्या आणि तिचे हात थांबले. "मामाजी, आई गेली," एवढंच म्हणाली. तिची आई म्हणजे पंचफुलाबाई, माझ्या मुलाची सासू. शिकलेले लोक विहीण म्हणतात, आम्ही इकडे ईन म्हणतो, आणि हाक मारताना इनबाई. ती मला इवाई म्हणायची, म्हणजे व्याही. पंधरा दिवसांआधीच मी तिला भेटून आलो होतो. तिच्यासाठी गडवाभर पाणी घेऊन गेलतो... ते पाणी काय होतं हे सांगायचं तर पार सुरुवातीपासून सांगावं लागते.

मी चौथीपर्यंत शिकलो. लिहिणं मला वखरापेक्षा जड जाते. पण तिला जाऊन महिना होत आला आणि तिच्यावर कोणी चार ओळी लिहिणार नाही हे मला माहीत आहे. नेरकडच्या एका लहान गावातली शेतमजूर बाई, निंदण-खुरपण करून तिनं पोरगी वाढवली, यात लिहिण्यासारखं काय, असं लोकांना वाटते. आणि जे तिनं खरोखर केलं ते लिहू नये, असंही वाटते. मला तसं वाटत नाही, आणि एकदा मला वाटत नाही म्हटलं म्हणजे नाही. वैशालीला विचारलं तर ती म्हणाली, माझी आई लपून काही करत नव्हती. माझा मुलगा सुगत आधी उठून अंगणात गेला, परत आला. मग म्हणाला, "लिहा बाबा. माहं नाव बी लिहा." म्हणून लिहितो.

आधी माझ्या विहिरीचं सांगतो, कारण इनबाईचं आणि माझं पहिलं भांडण तिच्यावरूनच झालं. माझी आजी गावच्या विहिरीवर घडा ठेवून बाजूला उभी राहायची. कोणाला दया आली तर वरून पाणी ओतायचे, नाही आली तर उन्हात उभी. माझ्या बापानं दीक्षा घेतली, घरातले देव नेऊन नदीत सोडले आणि मला म्हणाला, पाण्यासाठी कोणाच्या तोंडाकडे पाहू नको. मी पाहिलं नाही. बाभुळगावकडच्या या मुरमाड वावरात पहार आणि घमेलं घेऊन उन्हाळ्यामागून उन्हाळे खोदत गेलो. लोक हसले. पाणी लागलं तेव्हा पहिला गडवा बापाच्या हातात दिला. तेव्हापासून माझ्या दारावरून तहानलेला माणूस तसाच गेला, असं कधी झालं नाही. कोणत्या जातीचा आहे हे मी विचारत नाही, पाणी देतो. माझ्याजवळ दुसरं काही मिरवण्यासारखं नाही, पण त्या पाण्याची मला घमेंड आहे. होती, आणि राहील.

सुगतच्या लग्नानंतर इनबाई पहिल्यांदा आमच्या घरी आली ते बस बदलून, उन्हाची. काटक बाई, रंगानं काळी, नऊवारी पदर डोक्यावर, आणि हातात पितळेचा फिरकीचा गडवा. जुने लोक प्रवासाला नेत तसा, झाकणाला आटे असलेला. ओसरीत बसली. वैशालीनं पाण्याचा लोटा आणला. इनबाईनं हात आडवा केला, आपल्या गडव्याची फिरकी काढली आणि स्वतःच्या गावाहून आणलेलं कोमट पाणी प्याली. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"इनबाई, आमच्या विहिरीचं पाणी खारं नाही."

"माईत हाय मले. पोरीनं सांगतलं, साखरेवानी हाय म्हणून."

"मंग?"

"मंग काही नाही. पोरीच्या घरी लेकरू खेळाले लागलं का पेईन. तवरक मायबापानं पोरीच्या घरचं अन्नपाणी घ्याचं नसते."

"आपण सगळं सोडलं, इनबाई. हे कायले धरून ठेवलं?"

"देव सोडले, उपास सोडले, नवस सोडले. हे एक गडवाभर राह्यलं. राहू द्या."

मी म्हणालो, ज्यांच्या बापजाद्यांना लोकांनी पाणी नाकारलं त्यांच्याच घरी येऊन तुम्ही पाणी नाकारता, तुम्हाला काही वाटत नाही? यावर ती रागावली नाही. फिरकी घट्ट लावत म्हणाली, "नाकारलं नाही, इवाई. बाकी ठेवलं. नाकारलेलं पाणी येगळं अन् बाकी ठेवलेलं येगळं." मला ते तेव्हा पटलं नाही. 

घरात माझी बायको नव्हती. सुगत लहान असतानाच ती गेली. त्यामुळे वैशालीला दिवस गेले तेव्हा दोन पुरुषांच्या घरात ती एकटी बाई होती. पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं. शेजारच्या बाया म्हणायला लागल्या, नजर असेल, अमक्या गावच्या महाराजाचा अंगारा आणा. मी ओसरीतूनच परत लावलं. "आमच्या घरात अंगारा येत नाही. आमच्या घरात सुई येते." हे मी छाती काढून म्हणायचो. दुसऱ्या वेळी वैशालीचं नाव गावच्या उपकेंद्रात वेळेवर घातलं. रक्त तपासलं, पुढं तिला मोठ्या दवाखान्यात नेऊन कमरेत इंजेक्शनं दिली. मला एवढंच माहीत की सुनेला इंजेक्शनं चालू आहेत. बायकांच्या दवाखान्यातलं पुरुष माणसानं काय विचारायचं, अशी आमच्याकडे रीत. ते बाळ पोटातच गेलं. सुई लावूनही गेलं. मग मी गप्प झालो आणि गावातल्या बाया बोलायला लागल्या. पोरीतच खोट आहे, दुसरी करा, असं एकीनं माझ्या तोंडावर सांगितलं. तिला मी हाकललं, पण वैशालीनं ते चुलीजवळून ऐकलं होतं.

तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा इनबाई बोलावल्याशिवाय आली. पोरीला घेऊन सरळ उपकेंद्रात गेली, नर्सबाईसमोर बसली आणि म्हणाली, मला समजेल असं सांगा, समजल्याशिवाय मी उठत नाही. नर्सबाईनं सांगितलं ते असं. वैशालीच्या रक्तात उपदंश आहे, त्याला सिफिलिस म्हणतात. नवरा-बायकोत एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा रोग. पुष्कळदा वरून काही दिसत नाही, दुखत नाही, पण पोटातल्या बाळापर्यंत पोचते. मग बाळ आधीच जाते, नाहीतर आजारी जन्मते. औषध जुनं आहे, सरकारी दवाखान्यात मिळते, वेळेवर घेतलं तर बाळ वाचू शकते. मागच्या वेळी वैशालीनं सगळी इंजेक्शनं घेतली होती. पण नवऱ्यालाही घेऊन ये, असं तेव्हाच सांगितलं होतं. तिनं सुगतला म्हटलंही होतं. तो म्हणाला, मला काय धाड भरली, मी तर ठणठणीत. झालं, बरी झालेली पोर पुन्हा आजारी पडली. आम्ही अंगारा लावला नाही, सुईच लावली, पण ती अर्ध्याच घराला.

हे सगळं इनबाईनं मला माझ्याच ओसरीत बसून सांगितलं. दुपारची वेळ. इनबाईनं इवायापुढं असा विषय काढायचा म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसालाच समजेल. इवाई आणि ईन म्हणजे थट्टा-मस्करी, मानपान, साडी-टोपी. त्याच्या पलीकडचं काही बोलत नाहीत. ती बोलली. डोक्यावरचा पदर सरकू दिला नाही, डोळे खाली घातले नाहीत, आवाज चढवला नाही.

मी मात्र चढवला. "माह्या पोराचं नाव घेता? पोटुशी पोरगी हाय का पोरगा हाय?"

"इवाई, सोयाबीन पेराच्या आधी तुमी काय करता?"

"काय करतो म्हंजे?"

"दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवता. उगवते का नाही पाह्यता. नाही उगवलं तं वावराले शिव्या देता का?" मग गडव्याची फिरकी काढून एक घोट घेतला आणि म्हणाली, "बियाणं पोत्यात पाह्यता अन् पोराले कोण्या पोत्यात पाह्यलं तुमी?"

आत वैशाली हसली. एवढ्या दुःखात ती पोरगी हसली आणि मला तो आवाज ऐकू आला... महिन्यांनंतर ऐकू आला. मी पायात वहाण घातली आणि वावरात निघून गेलो, कारण मला हसू येत होतं आणि मला हसायचं नव्हतं.

सुगत जायला तयार नव्हता. त्याची अडचण मला समजत होती. उपकेंद्र गावातच, ग्रामपंचायतीच्या बाजूला. गरोदर बायांच्या तपासणीचा दिवस ठरलेला. बाहेर निंबाखाली लांब बाकडं, त्यावर साऱ्या गावच्या बाया. त्या बाकड्यावर एखादा जवान पोरगा बायकोसोबत रक्त द्यायला बसला की संध्याकाळपर्यंत चावडीवर त्याचीच गोष्ट. मी त्याला यवतमाळला गुपचूप घेऊन जातो म्हणालो. तो म्हणाला, नको, तिथं आपले लोक भेटतात. दुसरीकडे म्हणालो, तिथंही नको. एकीकडे दिवस भरत चालले होते. नर्सबाई म्हणत होती, उशीर केला तर हे बाळही हातातून जाईल. 

त्यावर इनबाईनं काढलेला उपाय ऐका. तपासणीच्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसनं ती आली आणि ओसरीत उभी राहून म्हणाली, "चला. सगळे चला. मी रक्त देतो, इवाई देते, सुगत देते. तिघंचौघं बसलो तं कोणाले समजते कोणाचं कायले पाह्यलं?" मी म्हणालो, मी या वयात बायांच्या बाकड्यावर बसणार नाही. तिनं माझ्याकडे खालून वर पाहिलं. "सुईले भेता काय, इवाई?" आता तुम्हीच सांगा. पहारीनं विहीर खोदलेल्या माणसाला असं विचारल्यावर तो घरी बसेल का? मी सगळ्यांच्या पुढं चालत गेलो.

बाकड्यावर एका बाजूला वैशाली, मग इनबाई, मग मी, मग सुगत. समोर पोटुशा बाया आणि त्यांच्या सासवा. आमच्याच वस्तीतली एक म्हातारी, तोंडाची पट्टीची, मला पाहून म्हणाली, "काहून रे बुढ्या, तुले कितवा महिना?" साऱ्या बाया खिदळल्या. माझे कान तापले. मी काही बोलायच्या आत इनबाई म्हणाली, "नववा हाय. हट्टाचा हाय. मोकये होता होत नाही." मग जे हसणं झालं ते ग्रामपंचायतीपर्यंत गेलं असेल. पण पाहा, त्या हसण्यात सुगतकडे कोणी पाहिलंच नाही. साऱ्यांचं लक्ष माझ्याकडे. ही तिची युक्ती होती की तिची जीभच तशी होती हे मला आजही सांगता येत नाही.

नर्सबाई हुशार. तिनं काय चाललं ते ओळखलं आणि एकेकाला आत घेतलं. बोटाला टोचलं, थेंब घेतला. माझी साखर पाहिली, असं मागून कळलं. इनबाईचं ती रक्ताचं प्रमाण पाहणार होती. पण इनबाई म्हणाली, "पोरीचं पाह्यलं तेच माहं पाहा." नर्सबाई म्हणाली, आजी, तुम्हाला आता कशाला? ती म्हणाली, "पाहा तं."

वैशालीच्या आधी इनबाईला पुष्कळ लेकरं झाली होती. एकही वाचलं नव्हतं. तिच्या सासूनं तिला लेकरंखाऊ म्हटलं होतं, हळदी-कुंकवाला बोलावणं बंद केलं होतं, बाळंतिणीच्या खोलीत जाऊ देत नव्हते. शेवटी वैशाली जगली. नवरा मग लवकरच गेला. हे सारं मला लग्नाच्या बोलणीतच ऐकून माहीत होतं. तिनं स्वतः कधी सांगितलं नव्हतं.

ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी दाराजवळच होतो, नर्सबाईचा आवाज बारीक येत होता. आजी, तुम्हाला कधी काळी हा रोग होऊन गेला असं दिसते. एकदा झाला की याची खूण रक्तात पुष्कळदा जन्मभर राहते. मग इनबाईनं विचारलं, "म्हंजे माही लेकरं गेली ते... माह्यात खोट नव्हती?" नर्सबाई म्हणाली, आता इतक्या वर्षांनी खात्रीनं सांगता येत नाही, आजी, पण तसं असू शकते. आणि खोट कोणातच नसते, तो रोग असते.

मी पुष्कळ पाहिलं आहे. पूर पाहिला, दंगल पाहिली, विहिरीत पडलेला माणूस वर काढला. पण त्या दारातून बाहेर आलेल्या बाईसारखं काही पाहिलं नाही. आयुष्यभर डोक्यावर ठेवलेला दगड तिच्या डोक्यावरून नुकताच उतरला होता. ती तिथं बसून रडली असती तर कोणी काही म्हटलं नसतं. नवऱ्याला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. तिनं बाकड्याकडे पाहिलं. सुगत आत जायला उठला होता, आणि बाया आता त्याच्याकडे पाहायला लागल्या होत्या, हा कायले जाते म्हणून. इनबाई मधोमध उभी राहिली आणि साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मले निघालं वं बाई. गुप्तरोग हाय. इंजेक्शनं घ्या लागते म्हणे दर हप्त्याले."

  त्या पट्टीच्या म्हातारीच्या तोंडाचा आ झाला. "अवं पंचफुला, असं बोलाव काय? लोक काय म्हणतीन?"

"म्हणतीन तं म्हणतीन. माहं कोणतं लगन राह्यलं आता?"

साऱ्या बाया तिच्याभोवती जमा झाल्या. तुला कसं झालं, काय होते, आम्हाला बी असेल का, दुखते का. ती सांगत होती, चुकत होती, पुन्हा सांगत होती. त्या गर्दीमागून माझा पोरगा आत गेला, बोट टोचून घेतलं, बाहेर आला, आणि त्याला कोणी विचारलं नाही. सासूनं सारी लाज आपल्या पदरात घेतली आणि जावयाला त्या पदराच्या सावलीतून काढलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

सुगतलाही निघालं. निंबाखाली त्यानं जरा तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "म्हंजे तुमच्या घरूनच आलं असन हे." खरं सांगतो, तेच माझ्याही जिभेवर होतं. इनबाई त्याला म्हणाली, "कुठून आलं हे इचारत बसले तं जाईन कधी, बापू?" त्याच्यापुढं गडवा धरला. "पेय. रंग उतरला तुह्या तोंडाचा." तो प्याला. मग मान खाली घालून म्हणाला, कधी जायचं ते सांगा.

दर आठवड्याला ती नेरकडून यायची आणि सुगत तिला मोटारसायकलवर बसवून आरोग्य केंद्रात न्यायचा. गावात कोणी विचारलं तर म्हणायचा, सासूले इंजेक्शनले नेतो. दोघं जायचे, दोघं सुया घ्यायचे, वैशालीच्या वेगळ्या चालू होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, औषध संपून डॉक्टर हो म्हणेपर्यंत नवरा-बायकोनं अंतर ठेवायचं. इनबाईनं तेही ओसरीत उभं राहून मला सांगितलं. "इवाई, सुगतची खाट तुमच्याजवळ टाका." मी खाट टाकली. माझ्या घोरण्यानं पोरगा अर्धा झाला, पण उठून आत गेला नाही. आणि इतकं सगळं होऊनही ती बाई माझ्या घरचं पाणी पीत नव्हती. उन्हाळा लागला होता. गडवा रिकामा व्हायचा, ओठ सुकायचे. मी लोटा घेऊन समोर उभा राहायचो. "आता तं प्या, इनबाई. तुमी आमच्यासाठी एवढं केलं." ती मान हलवायची. "बाकी हाय अजून." मला आधी त्याचा राग यायचा. आता भीती वाटायची. तिचं न प्यालेलं पाणी म्हणजे अजून न आलेलं बाळ, असं माझ्या मनात बसलं. मी अंगारा न मानणारा माणूस. पण सकाळी विहिरीवर गेलो की पाण्यात पाहून म्हणायचो, एकदा हिच्या गळ्याखाली उतर बा.

मुलगी झाली. यवतमाळच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, भरल्या दिवसांची, रडकी, माझ्या बापाच्या नाकाची. तिचं रक्त तपासलं, काही दिवस ठेवून घेतलं, पुढंही तपासणीला बोलावलं, आणि मग घरी जा म्हणाले. आम्ही तिचं नाव मैत्री ठेवलं. घरी आणलं त्या दिवशी इनबाई सोबतच होती. मी विहिरीवरची मोटार लावली नाही. दोर-बादली घेतली आणि या हातांनी पाणी शेंदलं, फडक्यानं गाळलं. इनबाई ओसरीत बसली, नातीला मांडीवर घेतलं, गडव्याची फिरकी काढली आणि आतलं तिच्या गावचं पाणी अंगणातल्या निंबूच्या बुडाशी ओतून दिलं. रिकामा गडवा माझ्यापुढं धरला. मी ओतलं.  ती प्याली, सगळा गडवा, वर तोंड करून, धार गळ्यावरून उतरत होती. सुगत, वैशाली, मी, आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे पाहत होतो. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"पोट्टी म्हणे साखरेवानी हाय," ती म्हणाली. "तसं काही गोड नाही."

मी इतका हसलो की ठसका लागला. जाताना तिनं गडवा ओसरीतच ठेवला. मी मागून आवाज दिला. ती वळून म्हणाली, "आता मले हे वागवाचं काम नाही. राहू द्या पोट्टीले खेळाले." मैत्री आता शाळेत जाते. तो गडवा तिनं खेळून खेळून बुडाला चेमटवला आहे.

या वर्षी इनबाई खाटेला खिळली. वैशाली तिच्याजवळ राहून आली, तिला इकडे आण म्हणालो तर इनबाई येईना. शेवटी तिनंच फोन करायला लावला. इवाई येते का विचार, आणि येताना पाणी आणा म्हणावं. मी गडवा घासला, भरला, फिरकी लावली आणि बसमध्ये मांडीवर धरून बसलो. कंडक्टर म्हणाला, बाबा, त्यात काय तूप आहे का? मी म्हणालो, त्याहून महाग आहे. तिची खोली लहान, कुडाची, एका खिडकीची. ती पाखरासारखी झाली होती. वैशालीच्या चुलत भावानं डोकं उचलून धरलं, मी चमच्यानं पाणी घातलं. बराच वेळ तोंडात धरून मग गिळलं. डोळे मिटूनच म्हणाली, "आता गोड लागते."

मी म्हणालो, "इनबाई, विहीर तीच हाय."

"तुमी तेच हा काय?" ती म्हणाली... आणि थोडी हसली. त्यानंतर आमचं काही बोलणं झालं नाही.

आता तो गडवा मी घेऊन फिरतो. बाभुळगावला बाजाराला गेलो तरी हातात असतो. पोरं म्हणतात, बाटली घे आबा, प्लास्टिकची, हलकी असते. मी ऐकत नाही. मागच्या आठवड्यात वस्तीतल्या देवानंदकडे गेलतो. त्याची सून पाणी घेऊन आली. मी देवानंदला विचारलं, सून पोटुशी आहे म्हणतात, खरं का? तो खुशीत म्हणाला, तिसरा चालू आहे.

"रक्त तपासलं?"

"तपासलं ना. उपकेंद्रात नाव बी घातलं तिचं."

"पोराचं?"

"पोराचं कायले?"

सून लोटा धरून उभीच होती. मी गडव्याची फिरकी काढली आणि माझं पाणी प्यालो. देवानंदचं तोंड लाल झालं. त्याच्याही आजीनं कोणाच्या तरी विहिरीवर घडा ठेवून वाट पाहिली असेल. "काहून रे बुढ्या," तो म्हणाला, "आमच्या घरचं पाणी चालत नाही काय तुले?"

मी फिरकी लावली आणि उठलो.

"चालते ना. बाकी ठेवून राह्यलो."